टेपमधला मुलगा

सोफ्याचे काम करणारा मनुष्य तोंडात खिळे धरून काम करतो, ही गोष्ट ज्यांनी ते काम जवळून पाहिले नाही त्यांस विचित्र वाटेल. परंतु एका हाताने कापड ताणून धरावयाचे व दुसऱ्या हाताने हातोडी चालवावयाची, तर तिसरा हात आणावयाचा कोठून? म्हणून बारीक खिळे ओठांत धरावयाचे आणि जिभेने एकेक पुढे सारावयाचा. बुवांची सारी उमर या कामात गेली होती. तोंडात खिळे असता मनुष्य बोलू शकत नाही, व गाऊ तर मुळीच शकत नाही; आणि गेली कित्येक वर्षे बुवांच्या तोंडात बहुतेक वेळ खिळेच असत.

त्या दिवशी सकाळी एका जुन्या सोफ्याचे पोट फाडून ते त्यात नवा काथ्या भरीत असता त्यांचा बालमित्र दुकानात शिरला. हा मित्र शहरातील बस चालवीत असे. तारुण्यात तो ड्रम वाजवी, आणि तेही अशा आवेशाने की त्यास 'दणक्या' हे नाव पडले ते कायमचेच. आता डोक्यावर केस उरले नव्हते, गणवेशाच्या गुंड्या पोटावर जीव मुठीत धरून बसल्या होत्या, परंतु नाव मात्र शाबूत होते.

"बुवा, आधी खिळे थुंक," तो म्हणाला. "मी जे सांगणारे ते ऐकून गिळशील, आणि मग वहिनी मला फाडून खातील."

बुवांनी खिळे तळहातावर काढले.

"आज पहिल्या फेरीला एक बाई चढली. माझ्या पाठीमागच्याच सीटवर बसली आणि गुणगुणायला लागली."

"बसमध्ये माणसं गुणगुणतात. तू त्यांना उतरवतोस की काय?"

"लेका, आपलं गाणं गुणगुणत होती! 'भिंतीपलीकडे'. दुसऱ्या कडव्यासकट! जे आपल्या गिटारवाल्या लांब्याला आजवर पाठ झालं नाही ते!"

बुवा हसले. "तुझे कान तपासून घे. त्या बसच्या इंजिनानं गेलेत."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुढच्या थांब्यावर ब्रेक मारला, वळलो, आणि विचारलं, बाई, हे कुठं ऐकलंत? तर मलाच म्हणते, तुम्हाला नाही कळायचं काका, फार जुना बँड आहे. मी म्हटलं, त्यातले ड्रम मी वाजवलेत. तर म्हणते, हो का, मग मी राणी आहे. सगळी बस हसली. मग मी काय केलं, स्टिअरिंगवर वाजवून दाखवलं. तो मधला तुकडा. डाव्या हाताचा. आणि बुवा, ती बाई रडायलाच लागली रे."

आता येथे मागील काळाची थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून त्या बाईच्या रडण्याचे मर्म कोणासही कळणार नाही.

बुवा, दणक्या आणि लांब्या हे तिघे एका गल्लीतील मित्र. बुवा याच दुकानात बापाच्या हाताखाली गाद्या शिवीत. दणक्या गॅरेजात गाड्या धूत असे. व लांब्या, जो खरोखरीच चौकटीत मावत नसे, तो एका कारखान्यात सुटे भाग मोजण्याचे काम करी. दिवसाची पहिली पाळी पोटासाठी आणि दुसरी आपल्यासाठी, असे ठरवून त्यांनी आपल्या रॉक बँडचे नाव 'दुसरी पाळी' ठेवले. तालमी होत त्या दुकानाच्या मागील खोलीत. चहूंकडे गाद्यांच्या थप्प्या असल्याने आवाज बाहेर फार जात नसे. अपवाद एका भिंतीचा. त्या भिंतीपलीकडे पुस्तक बांधणाऱ्याचे दुकान होते, व त्याची मुलगी पुस्तकांच्या कण्यांस खळ लावीत बसलेली असे. दंगा असह्य झाला म्हणजे ती लाकडी हातोड्याने भिंत ठोकी. असे पुष्कळ दिवस चालले. मग एके सायंकाळी तिने भिंत ठोकली ती गाण्याच्या ठेक्यात. दणक्याचे हात थांबले, लांब्याची तार चुकली, आणि बुवांनी त्याच आठवड्यात 'भिंतीपलीकडे' हे गाणे रचिले. ती मुलगी म्हणजेच आज घरात बुवांच्या नावाने हाका मारणारी त्यांची पत्नी होय.

अशी गाणी जमली तेव्हा त्यांची टेप काढण्याचे वेड तिघांच्या डोक्यात शिरले. लांब्याच्या मामांपाशी दोन रिळांचे ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. ते त्यांनी फक्त शनिवार-रविवारसाठी, हजार सूचना देऊन, दिले. आणि पहिलेच गाणे घेत असता त्या यंत्रातील रिळे फिरविणारा रबरी पट्टा तुटला! दुकाने बंद, मामांस सांगण्याची छाती कोणाची नाही. तेव्हा बुवांनी सोफ्याच्या खोळीस लावावयाचे इलास्टिक घेतले, मापाने कापले, मेणाच्या दोऱ्याने त्याचे वेटोळे शिवले व पट्ट्याच्या जागी चढविले. यंत्र फिरू लागले. तिघे लहान मुलांप्रमाणे नाचले. दोन दिवसांत सारी गाणी झाली.

परंतु इलास्टिक ते इलास्टिक. ते सैल होते, त्यामुळे यंत्र मंद चालले होते, आणि हे तेथे कोणासच उमगले नाही. मामांनी नवा पट्टा बसविल्यावर यंत्र आपल्या मूळ वेगाने धावू लागले व गाणीही त्याबरोबर धावू लागली. बुवांचा आवाज मुळात भरदार व खालचा. टेपमध्ये मात्र एक कोवळा, उंच स्वराचा, जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा गात होता. शिवाय इलास्टिकची शिवण चाकावरून जाई तेव्हा सूर किंचित लचके व पुन्हा सावरे. पुन्हा यंत्र मागावयाचे तोंड नव्हते. पैसे कॅसेटींत गुंतले होते. "बरं झालं," लांब्या म्हणाला होता, "आपण एवढे तरुण कधीच नव्हतो." लांब्याच्या वडिलांस गाण्याबजावण्याचा तिटकारा, म्हणून वेष्टनावर नावे न घालता तिघांची टोपणनावे तेवढी छापली.

कॅसेटी फारशा खपल्या नाहीत. ज्या थोड्या खपल्या त्यांनीच घात केला. एका सभागृहात कार्यक्रम होता, व समोर टेप ऐकून आलेली चार-दोन पोरे बसली होती. बुवा गाऊ लागले तशी त्यांत कुजबुज झाली, आणि मागून कोणीतरी ओरडले, "हा कोण? टेपवाल्याला बोलवा!" सारे सभागृह हसले. दणक्यादेखील हसला, कारण विनोद खरोखरीच चांगला होता. बुवाही हसले. परंतु काही हसणी अशी असतात की ती घशात हाडासारखी अडकतात. त्यानंतर बुवा चारचौघांत गायले नाहीत. लांब्या परदेशी गेला. उरलेल्या कॅसेटींपैकी काही आजही दुकानातील डगमगत्या कातरकामाच्या टेबलाखाली टेकू म्हणून होत्या.

इतके सांगितल्यावर पुढे जाण्यास हरकत नाही.

ती बाई दणक्याकडून पत्ता घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकानात आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, चाळिशीच्या आसपासची, खांद्यास पिशवी. आणि दारात अशी उभी की जणू चपला काढाव्यात की नाही हे तिला ठरविता येत नव्हते.

"काका, बुवा तुम्हीच ना?"

"लोक म्हणतात तसं."

"मला खोली बघायचीय. मागची, बसवाल्या काकांनी सांगितली ती. चालेल?"

मागील खोलीत जाऊन ती गाद्यांच्या थप्प्यांकडे पाहत राहिली. मग तिने आपली हकीकत सांगितली. तिच्या थोरल्या भावाने जुन्या बाजारातून टेपरेकॉर्डर आणला, त्याच्या पोटात ही कॅसेट विसरलेली होती. तेव्हा ती शाळकरी वयाची होती. तिने ती मैत्रिणीस उतरवून दिली, मैत्रिणीने आणखी कोणास. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून प्रत, अशी ती टेप गावोगाव गेली. कोणाच्या प्रतीत शेवटचे गाणे नाही, कोणाच्या प्रतीत मध्येच बातम्या घुसलेल्या. पुढे मोबाइल फोन आले तसे हे सारे एकमेकांस सापडले व त्यांचा एक ग्रुप झाला. हा बँड कोणता, ही माणसे कोण, जिवंत आहेत की नाहीत, यावर तेथे रोज वाद चाले.

"तिसऱ्या गाण्यात कुणीतरी खोकतं," ती म्हणाली. "ते कोण?"

"दणक्या. त्याला काथ्याची धूळ सोसायची नाही."

"अरे देवा! आमच्यात एक पोस्टातले काका आहेत, ते म्हणतात तो खोकला मुद्दाम आहे, गाण्याचा भाग आहे. त्यांनी त्यावर दोन पानं लिहिलीत."

"त्यांना सांगू नका," बुवा घाईने म्हणाले.

"आणि तो झोका? सूर असा वाकतो आणि परत येतो ना, आम्ही त्याला झोका म्हणतो. तुम्ही तो गळ्यातून कसा काढायचा? आमच्यातला एक गाणारा मुलगा इतकी वर्षं प्रयत्न करतोय, त्याला जमत नाही."

बुवांनी तोंड उघडले. इलास्टिक हा शब्द अगदी ओठांवर आला होता. परंतु त्या बाईच्या डोळ्यांत असे काही होते, की जे त्यांच्याकडे पाहताना कोणाच्याही डोळ्यांत फार काळ दिसले नव्हते. "सवयीनं यायचा," ते म्हणाले.

मनुष्याचे मन मोठे लबाड आहे. ते एकदा वर चढले की शिडी कोणाची आहे हे विचारीत नाही. जाता जाता बाईने सांगितले की सर्व श्रोते येत्या रविवारी दुपारी जमणार आहेत, आणि बुवांनी यावे, व फक्त एक गाणे म्हणावे. बुवा हो म्हणून गेले. ती दिसेनाशी झाल्यावर ते भानावर आले. या लोकांनी ज्यास इतकी वर्षे जपले तो मुलगा कधी अस्तित्वातच नव्हता. आणि रविवारी त्याच्या जागी उभे राहावयाचे होते साठीला टेकलेल्या एका सोफेवाल्याने.

त्या आठवड्यात बुवांनी एक अजब उद्योग आरंभिला. दुकान बंद करून मागील खोलीत टेप लावावी आणि त्या मुलाच्या आवाजात गाण्याचा यत्न करावा. स्वतःची नक्कल स्वतः करणारा मनुष्य जगात विरळाच. गळ्याच्या शिरा ताठ होत, डोळ्यांत पाणी येई, आणि निघे तो आवाज बिजागरी गंजलेल्या दाराचा.

शुक्रवारी पत्नी चहा घेऊन आली व उंबऱ्याशीच थबकली.

"अहो, मांजर सापडलंय का कुठं दारात?"

"गातोय मी."

"हे गाणं? गोठ्यातली म्हैस परवडली." तिने कप ठेविला. "कुणासाठी चाललंय हे?"

"त्या लोकांसाठी. त्यांना हाच आवाज माहीत आहे."

"मला नाही माहीत. मी ती टेप कधी लावते का घरात? त्या टेपमधला पोरगा कोण कुठला, माझी त्याची ओळख नाही. उगाच परक्या पोराशी लग्न केल्यासारखं वाटतं."

"अगं, पण त्यांना तोच हवाय."

"मग त्यालाच पाठवा," ती म्हणाली; आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तिचा स्वर खाली आला. "इतकं भ्यायला काय झालं? कुणी मारणार आहे का?"

बुवांनी टेप बंद केली. मार परवडला असता. त्यांस भय होते ते त्या एका वाक्याचे, जे मागून ओरडले गेले होते. तेव्हा परक्यांनी म्हटले होते. आता जर या जीव टाकणाऱ्या माणसांनीच म्हटले, तर त्यापुढे सांगावयास काय उरणार होते?

रविवार उजाडला. सायकलच्या दुकानावरील एका मोठ्या खोलीत शिवणवर्ग भरत असे. तीच खोली मिळाली होती. शिलाई यंत्रे भिंतीस लावून मध्ये स्टुले मांडली होती. दणक्या सुट्टी काढून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता. पत्नीही आली. "तुमचं काही झालं तर उचलून कोण आणणार? भावोजींची कंबर धरलीय," असे तिने कारण दिले.

श्रोते हळूहळू जमले, आणि बुवा त्यांच्याकडे पाहतच राहिले. दात बसविणाऱ्या डॉक्टरकडील मदतनीस, दोघी बहिणी ज्या बेकरी चालवीत, एक उंच किडकिडा मुलगा जो झोक्याचा अभ्यासक होता, पोस्टातून निवृत्त झालेले ते खोकल्याचे भाष्यकार, आणि आणखी बरेच. प्रत्येकाने आपली आपली प्रत आणली होती, जशी माणसे लग्नाचे जुने फोटो आणतात. कोणी वेष्टन स्वतः रंगविले होते, तर कोणी मळू नये म्हणून कॅसेट मोज्यात घातली होती. बुवांजवळ येऊन बोलण्यास कोणी धजेना. सारे दणक्याभोवती गोळा झाले, व दणक्या तर विरघळूनच गेला होता.

"खोकला ना? मीच!" तो पोस्टातील काकांस सांगत होता. "मुद्दाम. म्हणजे काय! अहो, तो ठरवून घेतला होता, तालमी केल्या त्याच्या."

मग टेप लावली. पहिल्या गाण्याच्या पहिल्या शब्दास सारी खोली एकदम गाऊ लागली. उंच पट्टीत, अगदी त्या मुलाच्या, बायका सहज आणि पुरुष टाचा उंचावून. झोक्याची जागा आली की सर्वांचे खांदे एकाच वेळी किंचित खाली जात व वर येत. हे त्यांनी एकत्र कधी केलेले नव्हते. प्रत्येकजण आपापल्या खोलीत, एकटा, वर्षानुवर्षे असेच करीत आला होता, आणि आज प्रथमच त्यांस कळले की इतरही तसेच करतात. बेकरीवाल्या बहिणी एकमेकींकडे पाहून हसत होत्या व डोळे पुशीत होत्या. बुवांच्या मनात आले, त्या दोन दिवसांत आपण तिघे घामाने भिजून, उपाशी, मामांच्या धाकाने घाईघाईत जे करून ठेविले, ते इतक्या घरांतून राहून आले. आपण येथे बसलो, आणि ते सारे जग हिंडले.

गाणे संपले. टेप थांबविली. सर्वांनी बुवांकडे पाहिले.

"काका, 'भिंतीपलीकडे' म्हणाल?" औषधवाली बाई म्हणाली.

बुवा उठले. लांब्या नव्हता म्हणून किडकिड्या मुलाने गिटार धरली, दणक्याने स्टूल मांडीशी ओढून घेतले. बुवांनी टाचा उंचावल्या, मान ताणली, आणि त्या मुलाच्या पट्टीत पहिली ओळ उचलली. अर्ध्यावर आवाज फुटला. चक्क फुटला, जसा रेक्झिनचा ताणलेला तुकडा कडेने टरकतो तसा. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा फुटला. गिटार थांबली.

कोणी हसले नाही. उलट, मदतनीस बाईने हलकेच टाळ्या वाजविल्या व मग सर्वांनी वाजविल्या. "वय होतं हो, काका," कोणीतरी मायेने म्हणाले. त्या टाळ्या ऐकून बुवांस वाटले, त्या जुन्या आरोळीपेक्षा हे फार वाईट आहे.

आणि हे दणक्यास सहन झाले नाही.

"वय कसलं होतंय!" तो उसळला. "ह्या पट्टीत हा बापजन्मात गायला नाही! विशीतसुद्धा नाही! टेप पळतीय ती! मशीनचा पट्टा तुटला होता, ह्यानं सोफ्याचं इलास्टिक शिवून लावलं, मशीन कण्हत कुथत चाललं, म्हणून आता ते पळतंय. झोका म्हणता ना? ती इलास्टिकची शिवण आहे. ह्याच्या हातची. मेणाचा दोरा!"

"दणक्या, गप," बुवा म्हणाले. पण बाण सुटला होता.

किडकिड्या मुलाने गिटारवरून हात काढून घेतला. "शिवण?" तो म्हणाला. "इतकी वर्षं मी शिवणीचा रियाज करतोय?"

बेकरीवाल्या धाकटीस हसू आवरेना. तिला पाहून थोरलीला. आणि मग त्या मुलालाही. हसू ओसरल्यावर औषधवाली बाई टेपरेकॉर्डरपाशी गेली. "ह्याला वेगाची कळ आहे," ती म्हणाली. "काका, तुमची हरकत नसेल तर."

बुवांस हरकत घ्यावयाची होती. परंतु त्यांनी नुसता हात उचलला, व तिने तो होकार समजून कळ खाली फिरविली.

यंत्र खरखरले. मग गिटार आली, संथ, जड. लांब्याची ती तार ओढण्याची खोड आता स्पष्ट ऐकू येत होती. मग ड्रम आले, गाद्यांवर पडणाऱ्या काठीसारखे. आणि मग आवाज. मुलगा कोठेच नव्हता. दिवसभर काथ्या पिंजून आलेला, थकलेला, पण आतून उजळलेला एक तेविशीतला मनुष्य गात होता. बुवांनी तो आवाज दुकानामागील त्या खोलीत बसून गायिल्यापासून कधी ऐकला नव्हता. त्यांस तो श्वास ओळखू आला. ओळीच्या शेवटी घेतलेला, खोळीच्या नव्या कापडाचा वास असलेला. त्यांस बापाची मापाची पट्टी आठवली, लांब्याचे दाराला आपटणारे कपाळ आठवले, आणि असे वाटले की तो तेविशीचा मनुष्य गेलाच नव्हता. त्यास कोणी हाक मारीत नव्हते इतकेच.

शिलाई यंत्रांजवळून पत्नीचा आवाज आला, स्वतःशी बोलल्यासारखा. "हा. हाच होता तिकडे."

गाणे संपल्यावर पोस्टातील काका उभे राहिले. त्यांचा चेहरा कष्टी होता.

"हे खरं असेल," ते म्हणाले. "चांगलंही आहे. पण बुवा, रागावू नका, हे माझं नव्हे. आमची ही आजारी होती तेव्हा रोज सकाळी मी ती टेप लावायचो. तो पोरगा गायचा आणि ही म्हणायची, बघा कसा निर्धास्त आहे. तो पोरगाच नव्हता असं मला कुणी सांगू नका."

"असं काय बोलता, काका," मदतनीस बाई म्हणाली. "खरा आवाज तर हा आहे ना?"

"खरा तो त्यांचा. माझा मला राहू द्या."

दोघे हट्टास पेटणार असे दिसले. तेव्हा बुवा बोलले, आणि त्या दिवशी त्यांनी घशास ताण न देता बोललेले ते पहिलेच वाक्य होते.

"काका, तुमचं बरोबर आहे. ती टेप तशीच ठेवा, कुणी कळ फिरवायची नाही. तो मुलगा मी नव्हतो, पण तुमच्या घरी तो आला होता ना? मग होता तो. मी त्याला उगाच इतकी वर्षं हाकलत बसलो." ते थांबले. "फक्त मला त्याच्यासारखं गाता येत नाही. कधीच येत नव्हतं. माझ्यासारखं येतं. ते चालणार असेल तर म्हणतो, नाहीतर आपण चहा घेऊ."

"म्हण की!" दणक्या म्हणाला. "चहा पळून चाललाय का?"

बुवा या खेपेस उभे राहिले नाहीत. स्टुलावर बसले, पाय जमिनीस टेकविले, व आपल्या पट्टीत, खाली, जेथे त्यांचा आवाज राहत असे तेथून, पहिली ओळ म्हटली. आवाज जुना झाला होता. त्यास सुरकुत्या होत्या. परंतु तो फुटला नाही.

श्रोत्यांनी सवयीने दुसरी ओळ उचलली ती आपल्या उंच पट्टीत, आणि एकदम गोंधळ उडाला. इतक्या वर्षांची सवय. गळे आपोआप वर जात. बुवा खाली, खोली वर, किडकिडा मुलगा मध्येच कोठेतरी गिटारचे कान पिळीत. कोणी अर्ध्यावर थांबले, कोणी हसले. बुवा मात्र गात राहिले. मग बेकरीवाली थोरली खाली आली, चाचपडत, अंधाऱ्या जिन्यावरून उतरावे तशी. तिच्यामागे धाकटी. मग औषधवाली बाई. आणि कडव्याच्या अखेरीस पोस्टातील काका, नाराजीने, गुरगुरल्यासारखे, पण बिनचूक बुवांच्या पट्टीत.

"काका, थांबा, थांबा!" औषधवाली बाई ओरडली. तिचे डोळे भरले होते व ती हसतही होती. "पहिल्यापासून घ्या. आता आम्हाला तुमची जागा सापडली."

बुवांनी दणक्याकडे पाहिले. दणक्याने स्टुलावर तळहात टेकविला आणि मान हलविली.

त्यांनी पहिल्यापासून घेतले.